शिअर या शब्दाच्या नऊ जागा

संपादकांचं पत्र आलं की, 'आपण उभी हयात साहेबाच्या कोशकचेरीत काढलीत, तेव्हा साहेबाच्या लहरीपणाच्या चार गमती दिवाळीसाठी लिहून धाडा, वाचकांची करमणूक होईल.' पत्र वाचून माझं डोकं फिरलं. गमती म्हणे! ज्याला गमती हव्या असतील त्याने सर्कशीतल्या माणसाला लिहायला सांगावं. मी नोकरी केली ती शब्दांची, आणि त्या नोकरीत एका इंग्रजी शब्दापायी एका वृद्ध माणसाची जी विटंबना झाली ती आज इतक्या वर्षांनीही मी विसरलेलो नाही. संपादकांना छापायचं तर हे छापावं, नाहीतर परत पाठवावं.

मी काशीचा. पणजोबा कोकणातून येऊन ब्रह्मा घाटावर राहिले ते राहिलेच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि कचेरीत इंग्रजी, अशा तीन जिभा वागवत आमची पिढी वाढली. मी व्याकरण शिकलो एका शास्त्रीबुवांकडे आणि इंग्रजी शिकलो सरकारी शाळेत. अशी जोडगोळी त्या काळी दुर्मिळ होती, म्हणून साहेबांनी मला उचललं. साहेब शाळाखात्यातून निवृत्त झालेले. विलायतेला परत जायचं सोडून छावणीत बंगला घेऊन बसले होते आणि इंग्रजी शब्दांचे संस्कृतातले नातेवाईक शोधून त्यांचा मोठा ग्रंथ करायचा त्यांनी ध्यास घेतला होता. मी रोज सकाळी घाटाच्या पायऱ्या चढून चौकात यायचो, एक्का पकडायचो आणि दहाच्या ठोक्याला बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात हजर व्हायचो. पुढच्या दाराने जायची मुभा आम्हाला नव्हती.

काम कसं चालायचं ते सांगतो. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी. चिठ्ठी म्हणजे पंज्याएवढा जाड कागद. वर इंग्रजी शब्द, त्याखाली आजचा अर्थ, त्याखाली शब्दाचं सर्वांत जुनं रूप, मग जर्मन, ग्रीक वगैरे भावंडं, आणि तळाला संस्कृत. संस्कृत शब्दापुढे 'जागा' लिहायची, म्हणजे तो शब्द कोणत्या जुन्या ग्रंथात नेमका कुठे आला आहे ते. जागा नाही तर शब्द नाही, हा कचेरीचा कायदा. हा कायदा मला तेव्हाही मान्य होता, आजही आहे. नुसत्या नादावरून नाती जोडणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले. एक गृहस्थ दर महिन्याला पत्र पाठवून कळवत, की जगातल्या सगळ्या भाषा आमच्या गल्लीतून निघाल्या. त्यांच्या पत्रांचं साहेब पंखेवाल्याच्या देखत जाहीर वाचन करून हसत. तिथे मीही हसलो, कबूल करतो.

'एस' या इंग्रजी अक्षरापर्यंत आम्ही आलो आणि शिअर हा शब्द पुढे आला. आजच्या इंग्रजीत शिअर म्हणजे मुख्यतः मेंढ्यांची लोकर कातरणं. पण हा शब्द मूळचा इतका गरीब नव्हे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचं रूप शेरन असं होतं, आणि त्याचा अर्थ सरसकट कापणं. तलवारीने शिरस्त्राण चिरलं तरी शेरन, पीक कापलं तरी शेरन, केस उतरवले तरी शेरन. पुढे एकेक काम दुसऱ्या शब्दांनी बळकावलं आणि हा बिचारा पेन्शनीत गेलेल्या सुभेदारासारखा मेंढ्यांच्या मागे लागला. गोतावळा मात्र मोठा ठेवून गेला. आपण अंगात घालतो तो शर्ट म्हणजे आखूड कापलेला कपडा. शॉर्ट म्हणजे कापून तोकडं केलेलं. शेअर म्हणजे कापून दिलेला वाटा. नांगराच्या फाळालाही ते शेअरच म्हणतात, कारण तो जमीन कापतो. उत्तरेकडच्या समुद्रावरचे लोक याच शब्दाला स्केरा म्हणत, म्हणजे आरंभी 'स्क', आणि ग्रीक लोक केस कापण्याला 'स' गाळून नुसतं 'क' आणि 'र' घेऊन बोलत.

साहेबांनी विचारलं, "पंडित, तुमच्याकडे काय आहे?"

मी म्हटलं, "कृत्. कृन्तति म्हणजे कापतो. त्यावरून कर्तरी, आणि आमच्या घरातली कात्री."

"आणि आरंभीचा स कुठे गेला?"

याचं उत्तर मला पाठ होतं आणि ते दिल्याचा अभिमान मला अजून आहे. मी म्हटलं, "साहेब, संस्कृतात पश्यति म्हणजे पाहतो. पण पाहत फिरणारा हेर असतो त्याला स्पश म्हणतात. एकाच धातूला एका ठिकाणी स आहे, एका ठिकाणी नाही. तसाच इथेही गळला." साहेब खुर्चीतून उठले आणि खिडकीपर्यंत जाऊन परत आले. खूश झाले की ते असं करत.

मग मात्र त्यांची शंकेखोर बुद्धी जागी झाली. वैयाकरणांनी धातूंची यादी केली तीत कापण्याचे धातू पन्नास सापडतील, पण पंडित लोक याद्या फुगवतात, असं त्यांचं ठाम मत. वेदात कृत् हा धातू खरोखर कापण्याच्या अर्थाने आला असेल तर जागा दाखवा, नाहीतर चिठ्ठी टोपलीत. त्यांच्याजवळ विलायतेत छापलेली वेदाची संहिता, म्हणजे मूळ मंत्रांचं पुस्तक, होती, पण तिला शब्दांची सूची नव्हती. ओळ न् ओळ चाळायची तर वर्ष गेलं असतं. आधी त्यांनी बाजारात चौकशी केली, कापण्याचे बोलीतले शब्द तरी मिळावेत म्हणून. पंचगंगा घाटावरचा एक नाई बोलावला. शिपायाने बंगल्यावर नेलं म्हणताच त्या बापड्याला वाटलं, कुणीतरी तक्रार केली. व्हरांड्यात हात जोडून म्हणाला, "सरकार, हम त खाली बार काटीला. कान आज तक केहू क नाहीं कटल हौ." म्हणजे, मी फक्त केस कापतो, कान आजवर कुणाचा कापला नाही! संपादकांना हवी ती गंमत एवढीच. ती इथे संपली.

मी साहेबांना म्हटलं, सूचीची गरज नाही. आमच्या घाटावर तात्या आहेत.

तात्या घनपाठी. घनपाठी म्हणजे ज्याला सगळी संहिता तर मुखोद्गत आहेच, पण तिचे शब्द उलटसुलट, मागेपुढे, गुंफून म्हणायच्या सर्व रीतीही येतात, आणि तेही स्वर न चुकवता. चाळिशीत त्यांची दृष्टी गेली. डोळे गेल्याने आपलं काही अडलं नाही, असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं. आमच्या पाठशाळेत तेच वेद शिकवत. घाटावर मंत्रजागर झाला की शंभर वैदिकांत एखाद्याचा स्वर घसरला तर तात्यांचं बोट वर जायचं आणि तो माणूस निमूट खाली बसायचा. त्या बोटावर अपील नव्हतं.

मी जाऊन विचारलं. तात्या म्हणाले, "कृत्? दोन आहेत. एक कापणारा, एक सूत कातणारा. तुला कोणता पाहिजे?"

"कापणारा."

"मग सकाळी ये. दुपारी माझा गळा सुस्त असतो."

चार सकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो. तात्या ओठांतल्या ओठांत संहिता म्हणत जायचे. वेग इतका की मला एकेक शब्द वेगळा ऐकू यायचा नाही. उजवा हात स्वरांबरोबर वरखाली चालायचा. मध्येच हात हवेत थांबायचा. "लिही," म्हणायचे, आणि तीन आकडे सांगायचे. पहिली जागा होती एक, पाच, चार. इंद्राने शत्रूंना कापून काढलं, असा तिथला अर्थ. चौथ्या दिवशी संहिता संपली तेव्हा नऊ जागा झाल्या होत्या. काकू, म्हणजे तात्यांची बायको, आतून म्हणाल्या, "साहेबाला म्हणावं, याच्यापुढे हवं असेल तर स्वतः येऊन बस. यांचा घसा बसला." तात्या हसले. विद्येचं काम होतं, त्यांनी नारळसुद्धा घेतला नाही.

मी नऊ जागा चिठ्ठीवर उतरवल्या. तीन तीन आकडे, नीट, सुवाच्य. इथेच घोड्याने पेंड खाल्ली, पण मला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर संहिता उघडी, तोंड लालबुंद. एक, पाच, चार या ठिकाणी कापण्याचं नावही नव्हतं, इंद्रासाठी गा एवढंच होतं. दुसरी जागा तशीच. तिसरी तर अस्तित्वातच नव्हती. नऊच्या नऊ खोट्या. "तुमचा आंधळा ऋषी तुम्हाला बनवतो आहे," साहेब म्हणाले, "किंवा तो स्वतःला बनवतो आहे. हीच का ती काशीची स्मरणशक्ती?" त्यांनी तांबड्या शाईने चिठ्ठीवर शेरा मारला, 'सांगणारा अविश्वसनीय.' मी तिथे उभा होतो. शाई वाळल्यावर चिठ्ठी उचलून मी व्हरांड्यात माझ्या जागी आलो.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण साहेब संस्कृत परीक्षांच्या समितीवर होते आणि आमच्या पाठशाळेचे चालक रावसाहेब त्यांच्याकडे चहाला जात. चहाबरोबर ही हकीकतही चघळली गेली. आठवड्याच्या आत रावसाहेब तात्यांच्या ओट्यावर येऊन गोड आवाजात म्हणाले, "तात्या, आता तुम्ही आराम करा. फार वर्षं सेवा केलीत." अहो रावसाहेब, ज्या माणसाच्या एका बोटाने शंभर वैदिक खाली बसत, त्याची परीक्षा तुम्ही एका चहाच्या पेल्यावर उरकलीत? तुमची मुंज त्याच्याच मांडीला मांडी लावून झाली होती. एकदा तरी समोर बसून त्याला म्हणायला सांगायचं होतं. पण नाही. साहेब म्हणाला ना, मग संपलं. गोऱ्या माणसाला शंका आली की आपल्या माणसांना खात्रीच पटते.

तात्यांनी मला बोलावलं. काकू दारात उभ्या होत्या, माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या.

"सदू, खरं सांग," तात्या म्हणाले. "छिपवू नकोस. साहेबाला काय सापडलं?"

"जागा सापडल्या नाहीत, तात्या."

"एक पण सही निघाली नाही?"

"नाही."

"नऊच्या नऊ?"

काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी ऐकतेय. झोपेत पण म्हणतात, कधी अडखळले नाहीत. तुझ्या साहेबाचं पुस्तकच फाटकं असेल."

तात्यांनी त्यांना हातानेच थांबवलं. त्या दिवसापासून त्यांनी शिकवणं स्वतःहून सोडलं. रावसाहेबांनी काढलं म्हणून नव्हे. घरी येऊन शिकणारे दोघे होते, त्यांनाही नको म्हणाले. आपला पाठ बिघडला असेल आणि तो आपण दुसऱ्याच्या तोंडी घातला तर ते पाप कुठे फेडायचं, एवढीच भीती त्या माणसाला होती. बालाजी घाटावरचे दाजी घनपाठी त्यांचे गुरुबंधू. ते पोथी घेऊन समोर बसायचे आणि तात्या पहिल्यापासून संहिता म्हणायचे. सगळी संहिता झाली. चूक नाही. पुन्हा सगळी झाली. चूक नाही. त्या नऊ जागाही दाजींनी पोथीत पाहिल्या, जिथल्या तिथे होत्या. तेव्हा तात्या म्हणाले, "दाजी, तू आणि मी एकाच गुरूचे. तुझी पोथी पण त्यांचीच. गुरूकडेच गलत असेल तर?"

हे मला काकूंनी घाटावर सांगितलं. सत्तरीच्या माणसाने आपल्या मेलेल्या गुरूवर शंका घ्यावी, इथपर्यंत आम्ही त्याला आणलं होतं. आणि मी शहाण्याने काय केलं? दाजींची पोथी जाऊन पाहिली का? नाही. मी मनाशी म्हटलं, घाटावरच्या पोथ्या जुन्या, हातांनी लिहिलेल्या, त्यांत काहीतरी घोळ असणार. छापलेलं पुस्तक आणि तेही विलायतेचं, ते कसं चुकेल? चार बुकं इंग्रजी शिकलेल्या माणसाची अक्कल अशी गहाण पडते. रावसाहेबांना मी वर इतकं बोललो, पण मी काही त्यांच्यापेक्षा वेगळा नव्हतो. ते चहाच्या पेल्यावर विकले गेले, मी तर चहाशिवायच विकला गेलो.

पाच महिन्यांनी मुंबईहून कचेरीत संहितेची नवी छापील प्रत आली. तिच्यावर कचेरीचा शिक्का मारायचं काम माझं. शिक्का मारताना पान उलटलं आणि समासाकडे नजर गेली. समासात आकड्यांच्या दोन रांगा होत्या. एकीवर लिहिलं होतं मंडल आणि सूक्त, दुसरीवर अष्टक, अध्याय आणि वर्ग. मी तसाच खुर्चीत बसलो.

वेदाचे भाग पाडायच्या रीती दोन. एक ऋषींच्या कुळांप्रमाणे, ती मंडलांची. दुसरी पाठ करणाऱ्यांच्या सोयीची. सगळ्या संहितेचे सारखे आठ भाग, प्रत्येकाचे पुन्हा आठ, आणि त्यांचे रोज शिकवता येतील असे लहान तुकडे. ही अष्टकांची. मजकूर तोच, क्रम तोच, फक्त मोजायचं माप वेगळं, जसं तेच दूध कोणी शेराने मोजतो, कोणी पावशेराने. विलायतेचे पंडित मंडलाने मोजतात. आमचे वैदिक बाळपणापासून अष्टकाने मोजतात. तात्यांचं एक, पाच, चार म्हणजे पहिलं अष्टक, पाचवा अध्याय, चौथा वर्ग. साहेबांनी उघडलं ते पहिलं मंडल, पाचवं सूक्त, चौथी ऋचा. दोन्हींत कितीतरी पानांचं अंतर. मी नव्या प्रतीत अष्टकाचा आकडा धरून गेलो. कृत् समोर उभा. नऊच्या नऊ जागी उभा. मंडल हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. पण आमच्या घाटावर जागा सांगायची ती अष्टकाचीच, तीत काही सांगण्यासारखं आहे असं तात्यांना वाटलं नाही आणि चिठ्ठीवर 'अष्टक' हा एक शब्द लिहावा असं मलाही वाटलं नाही.

मी प्रत घेऊन साहेबांकडे धावलो. त्यांनी नऊही जागा तपासल्या. उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. फार खूश झाले. "उत्तम! शिअर सिद्ध झाला," म्हणाले, आणि नवी चिठ्ठी करायला सांगितली, मंडलाच्या आकड्यांनी.

मी म्हटलं, "साहेब, रावसाहेबांना एक ओळ लिहावी. त्या माणसाचं शिकवणं गेलं."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या पायातले बूट मागितले. "आकडे दुरुस्त झाले ना, पंडित? मग आणखी काय हवं? चूक तर तुमच्या चिठ्ठीची होती." चूक माझ्या चिठ्ठीची होती, हे शंभर टक्के खरं. पण 'अविश्वसनीय' हा शब्द माझ्या चिठ्ठीने लिहिला नव्हता. तो त्यांच्या लेखणीने लिहिला आणि त्यांच्या जिभेने गावभर नेला. शब्दाची जागा दाखवल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, असा कायदा करणाऱ्या माणसाने एका माणसाचं नाव बुडवताना कसली जागा पाहिली होती? मी हे बोललो नाही. तेव्हा बोललो असतो तर आज लिहायची वेळ आली नसती. रावसाहेबांकडेही गेलो. ते म्हणाले, "बरं झालं, सांगितलंत. पण आता नवे गुरुजी नेमले आहेत, त्यांना कसं काढणार? उगाच गवगवा नको." पुढे ग्रंथ छापून निघाला. शिअरच्या खाली नऊ जागा आहेत आणि त्यांच्यापुढे बारीक अक्षरांत छापलं आहे, 'संपादकाने स्वतः शोधलेल्या.' हा संपादक म्हणजे साहेब. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी माझ्याकडे येऊन पाहावं. मी पान दुमडून ठेवलेलं आहे.

नवी प्रत आली त्याच दिवशी, रावसाहेबांकडून निघालो तो थेट तात्यांच्या ओट्यावर गेलो. तात्या भिंतीला टेकून बसले होते. मी सगळं सांगितलं, मंडल, अष्टक, माझी चिठ्ठी, काही वगळलं नाही. काकू आतून येऊन उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

तात्या भिंतीपासून सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "मतलब पाठ सही होता."

"सगळा सही होता, तात्या."

"गुरूंचा पण."

"गुरूंचा पण."

त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला, गुरूचं नाव घेताना लावतात तसा. मग माझ्या दिशेने तोंड केलं. "साहेबाला अष्टक मालूम नव्हतं, चल, समजलं. रावसाहेबाला तर काहीच मालूम नाही. पण सदू, तू या ओट्यावर वाढलास. साहेबाने सांगितलं तेव्हा तुला काय वाटलं? तात्याचंच गलत असेल, असं वाटलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी म्हटलं, "होय, तात्या. वाटलं."

तात्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. "ठीक," म्हणाले. "आता जा तू. पाठाची वेळ झाली."

पाठशाळेत नवे गुरुजी येऊन बसले होते, आणि घरी येणारे ते दोघेही आता तिकडेच जात. त्या ओट्यावर कोणी यायचं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरीही काकूंनी पाठाची सतरंजी आणून अंथरली.